षट्तिला एकादशी आणि पाहुण्यांचं पान



आजचं वाचन गीतेच्या १७व्या अध्यायातला २०वा श्लोक. अर्थ साधा आहे. जो उलट काही देऊ शकणार नाही अशा पात्र माणसाला, योग्य जागी, योग्य वेळी, केवळ द्यायला हवं म्हणून दिलेलं दान सात्त्विक. वाचताना मला २५ जानेवारी २०२५ चा शनिवार आठवला.

प्रजासत्ताक दिन रविवारी होता, म्हणून पुण्याहून चार मित्रमैत्रिणी आमच्या कळसाडीला आले होते. त्यातली एक एडिनबरोत शिकून आलेली. तिचा हट्ट एकच, त्या रात्री शेतावर 'बर्न्स नाइट' करायची. रॉबर्ट बर्न्स हा स्कॉटलंडचा लाडका कवी, शेतकऱ्याचा मुलगा, जन्म २५ जानेवारी १७५९. गेला तेव्हा वय अवघं ३७. तो गेल्यावर पाच वर्षांनी, १८०१ साली, काही स्नेही त्याच्या स्मृतिदिनी त्याच्या जन्मघरी जेवायला जमले, तिथून ही प्रथा सुरू झाली. पुढे ती जन्मदिवसावर आली. थोडक्यात काय, जमायचं, त्याचे शब्द म्हणायचे, मग पंगत. आपल्याला यात परकं काहीच नाही.

परकं होतं ते ताट. हॅगिस म्हणजे मेंढीचं काळीज-फुप्फुस, ओट्स आणि कांदा जठरात भरून शिजवलेलं. सोबत व्हिस्की. आमच्या घरी दोन्ही शक्य नाही, हे तिला ठाऊक होतं. एडिनबरोत १९८४ पासून बिनमांसाचं हॅगिसही मिळतं, हे तिनंच सांगितलं. मग आम्ही खानदेशी तोडगा काढला. पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, त्यात तिनं आणलेले ओट्स, आणि कळण्याची भाकरी. (ओट्स नसते तर जास्त बरं झालं असतं, असं सगळ्यांचंच मत पडलं.) व्हिस्कीच्या जागी आल्याचा चहा.

एवढं ठरलं आणि मी कॅलेंडर बघितलं. षट्तिला एकादशी! आजीचा आणि माझा उपवास. आणि यजमान मीच.

पहिला विचार आला, कार्यक्रम उद्यावर ढकलू. दुसरा आला तो सांगायला लाज वाटते. सगळ्यांनाच भगर वाढू, त्यांनाही पुण्य! म्हणजे व्रत माझं आणि पोट त्यांचं. आजीला विचारलं तर ती अहिराणीत म्हणाली, "उपास तुना शे ना? मंग त्यासले कसाले उपाशी ठेवस?"

मग तिनं त्या दिवसाची कथा सांगितली. एक बाई होती. व्रतं इतकी कडक की शरीर झिजून गेलं, पण कुणाला कधी अन्नाचा घास दिला नाही. भगवंत भिक्षुक होऊन दारात आले, तर तिनं झोळीत मातीचा गोळा टाकला. स्वर्गात तिला घर मिळालं, पण त्या घरात अन्नाचा कण नव्हता. कथा मी आधी वाचली होती. पण ती बाई कोण, हे तोवर मला कळलं नव्हतं.

रात्री शेकोटी पेटली. जेवणाआधी मैत्रिणीनं बर्न्सच्या नावावर चालत आलेली छोटी प्रार्थना म्हटली. तिचा आशय असा की कुणापुढे अन्न असून त्यांना खाता येत नाही, कुणाला खायचंय तर अन्नच नाही, आपल्याला दोन्ही मिळालंय म्हणून देवाचे आभार. मी वाढून झाल्यावर भगरीची वाटी घेऊन त्यांच्याच ओळीत बसलो होतो. माझ्यापुढे अन्न होतं आणि मी ते खात नव्हतो, पण ते माझ्या मर्जीनं. माझा उपवास दुसऱ्या दिवशी सुटणार हे नक्की होतं.

आता श्लोकाकडे येतो. त्या रात्री मी चार जणांना जेवू घातलं ते दान होतं का? मला नाही वाटत. ते मला पुण्यात दहा वेळा जेवू घालतील. तो स्नेह, आणि स्नेह छानच असतो, पण श्लोकात म्हटलेलं दान ते नव्हे.

गावाबाहेर तेव्हा उसतोडीवाल्यांच्या कोप्या पडल्या होत्या. सातपुड्यातून पोराबाळांसकट आलेली माणसं. आमच्या शेकोटीपासून त्यांच्या चुली दिसत होत्या. ताटात काय चालेल आणि काय चालणार नाही, याचा दिवसभर किस पाडला मी. त्या चुलींकडे माझं एकदाही लक्ष गेलं नाही.

आजीनं मात्र संध्याकाळीच, आमची वांगी भाजायच्या आधी, तिळाच्या लाडवांचा डबा आणि टोपलीभर भाकरी तिकडे पाठवल्या होत्या. हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, द्वादशीला, उरलेल्या गार भरितावर पारणं करताना. तेसुद्धा रिकामा डबा परत द्यायला तिकडची एक मुलगी आली म्हणून. आजीनं डबा घेतला आणि त्यात मूठभर शेंगदाणे घालून पुन्हा तिच्या हातात दिला. रिकामा डबा द्यायचा नाही, एवढंच म्हणाली.

उद्या २१वा श्लोक घेऊ. परतफेडीच्या आशेनं दिलेल्या दानाचा.

रामकृष्णहरी.