दोन्ही घड्याळे खरी

वेगाने जाणाऱ्या घड्याळातला काळ सावकाश सरतो. कालप्रसरण, म्हणजेच टाइम डायलेशन, या नावाने हे विधान प्रसिद्ध आहे. ते ऐकल्यावर पहिला संशय घड्याळावरच जातो: वेगामुळे त्याच्या यंत्रात काही बिघडत असेल. वास्तविक इथे कोणतेच घड्याळ बिघडत नाही. एक जुने तत्त्व शेवटपर्यंत प्रामाणिकपणे पाळल्याचा हा परिणाम आहे.

ते तत्त्व गॅलिलिओचे. 1632 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या संवादग्रंथात त्याने जहाजातल्या एका बंद खोलीची कल्पना केली. जहाज उभे असो की संथ, एकसारख्या वेगाने चाललेले असो, आतली फुलपाखरे सारखीच उडतात आणि टांगलेल्या भांड्यातले थेंब सरळ खालीच पडतात. आतल्या कोणत्याही प्रयोगाने जहाजाची गती कळत नाही. आपण जिथून अंतरे आणि वेळा मोजतो ती आपली संदर्भचौकट. परस्परांच्या तुलनेत एकसमान वेगाने जाणाऱ्या अशा सगळ्या चौकटी बरोबरीच्या, हे गॅलिलिओचे सांगणे होते. 1687 मध्ये न्यूटनने ही बरोबरी मान्य केली, पण तिच्यामागे साऱ्या विश्वाला लागू असणारा एकच निरपेक्ष काळ गृहीत धरला.

एकोणिसाव्या शतकात अडचण उभी केली ती प्रकाशाने. मॅक्सवेलच्या समीकरणांतून प्रकाशाचा वेग निघाला, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. पण हा वेग कोणाच्या तुलनेत? उत्तर म्हणून ईथर नावाचे सर्वव्यापी माध्यम मानले गेले. 1887 मध्ये मायकेल्सन आणि मॉर्ली यांनी त्या ईथरमधून होणारी पृथ्वीची गती मोजण्याचा प्रयत्न केला. प्रकाशाच्या वेगात अपेक्षित फरक आढळला नाही. ईथरचा मेळ बसवताना लोरेंट्झ यांनी समीकरणांत ‘स्थानिक काळ’ आणला, पण ती हिशेबाची सोय मानली. दूरदूरच्या दोन घटना एकाच वेळी घडल्या असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो, हा नेमका प्रश्न प्वँकारे यांनी 1898 मध्ये विचारला. ईथर मात्र दोघांनीही सोडला नाही.

बर्नच्या पेटंट कचेरीत काम करणाऱ्या सव्वीस वर्षांच्या आइन्स्टाइनने 1905 मध्ये तो सोडला. चौकटींची बरोबरी अबाधित, आणि प्रकाशाचा वेग प्रत्येक चौकटीत तोच, ही दोन विधाने त्याने एकत्र धरली. मग सर्वांचे ‘आत्ता’ एकच असते हा समज टिकत नाही. प्रकाशाच्या साठ टक्के वेगाने जाणाऱ्या यानात एक किरण तळापासून छताकडे निघाला आहे असे समजा. बाहेरून पाहणाऱ्याला त्याची वाट तिरकी दिसते. प्रकाश 5 भाग चालतो तोवर यान 3 भाग सरकते, म्हणून पायथागोरसच्या नियमाने उभे अंतर 4 भाग भरते. आतल्या माणसाला किरण सरळ वर गेलेला दिसतो, फक्त ते 4 भाग. प्रकाशाचा वेग दोघांना सारखाच, तेव्हा बाहेर 5 सेकंद गेले तर यानात 4 च गेले.

यानातल्या माणसालाही बाहेरचीच घड्याळे मंद वाटतात. यात विसंगती नाही. दूरच्या घड्याळांशी तुलना करायची तर ‘त्याच क्षणी’ काय वेळ झाली होती हे ठरवावे लागते, आणि तो क्षण कोणता याबद्दलच दोन्ही चौकटींचे मत वेगळे असते. प्रवासी वळून घरी परतला की मात्र निकाल एकच लागतो: त्याचे वय कमी भरते, कारण वळताना त्याने चौकट बदललेली असते. मिन्कोव्स्की यांनी 1908 मध्ये अवकाश आणि काळ यांना एकत्र गुंफले आणि यामागची भूमिती स्पष्ट झाली. मुंबईहून नाशिकला दोन रस्त्यांनी गेलेल्या गाड्यांचे किलोमीटर वेगळे भरतात, म्हणून कोणाचा मीटर खोटा ठरत नाही. घड्याळही आपल्या वाटेवरचा काळ मोजते. फरक इतकाच, की इथे सरळ वाटेवर सर्वांत जास्त काळ भरतो.

पुराव्याच्या वाटेवर मुंबईत जन्मलेले होमी भाभा भेटतात. वैश्विक किरणांतला जड कण अस्थिर असेल, तर तो स्वतःच एक घड्याळ ठरेल आणि वेगात असताना उशिरा विघटन पावेल, असे त्यांनी 1938 मध्येच लिहिले. 1941 मध्ये रॉसी आणि हॉल यांनी कोलोरॅडोच्या डोंगराळ भागात मोजमाप करून ते खरे ठरवले. ज्याला आज म्युऑन म्हणतात, त्या कणाचे सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशही जेमतेम 660 मीटर जातो; तरी सुमारे 15 किलोमीटर उंचीवर जन्मलेले असंख्य म्युऑन जमिनीपर्यंत पोचतात. आज जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळे वेगामुळे दिवसाला सुमारे 7 मायक्रोसेकंद मागे पडतात. गुरुत्वाकर्षणाचा परिणाम उलट दिशेचा आणि त्याहून मोठा असतो. दोन्ही दुरुस्त्या केल्या तरच फोनवरचा नकाशा बरोबर जागा दाखवतो.

म्हणून ‘आइन्स्टाइनने सगळेच सापेक्ष ठरवले’ हे वाक्य सोडून द्यायला हवे. प्रकाशाचा वेग, निसर्गाचे नियम आणि प्रत्येक घड्याळाने आपल्या वाटेवर मोजलेला काळ, या गोष्टींवर सर्व निरीक्षकांचे एकमत होते. काय बदलते आणि काय बदलत नाही याचा काटेकोर हिशेब म्हणजे सापेक्षता. कोणते घड्याळ खरे, असे कोणी विचारले तर आधी उलट विचारावे: कोणत्या दोन घटनांमधला काळ, आणि कोणत्या चौकटीतून मोजलेला?