येणारा घर बदलतो

धर्मांतराची चर्चा आपल्याकडे नेहमी गेलेल्याभोवती फिरते. तो का गेला, कोणी नेला, त्याला काय मिळालं. ज्या घरात तो गेला, त्या घराचं पुढे काय झालं हे सहसा कोणी विचारत नाही. दसऱ्याच्या सुमारास बडनेरा जंक्शनवर नागपूरकडे जाणाऱ्या गाड्यांना पांढऱ्या कपड्यांतली गर्दी लोटते, ती पाहून तरी हा प्रश्न पडायला हवा. 1956 साली तिथेच बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंना बौद्ध धम्माची दीक्षा दिली, तेव्हा सोबत स्वतःच्या 22 प्रतिज्ञाही दिल्या. धम्म होता तसा त्यांनी उचलला नाही.

ख्रिस्ती मंडळीच्या पहिल्या पिढीतही हेच घडलं, आणि वाद पेटला तो जेवणावरून. अंत्युखियात यहुदी आणि बिगरयहुदी विश्वासणारे एका पंगतीला बसत. येशूचा शिष्य पेत्रही बसे. पण यरुशलेमहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं आली, तसा पेत्र अंग काढून घेऊ लागला. त्याचं पाहून पौलाचा सोबती बर्णबाही सरकला. पौलाने सगळ्यांदेखत पेत्राला धारेवर धरलं, आणि गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात ते नोंदवूनही ठेवलं. पंक्तिभेदाची ही गोष्ट वऱ्हाडात कोणाला समजावून सांगावी लागणार नाही. आणि धारेवर धरणारा पौल स्वतःही बाहेरून आलेला : एके काळी या मंडळीचा छळ करणारा, नंतर पालटलेला.

इसवी सन 49च्या सुमारास यरुशलेमात बैठक भरली. प्रश्न सरळ होता : ख्रिस्ताकडे येणाऱ्याने आधी सुंता करून यहुदी व्हायचं का? उत्तर आलं, नाही. मूर्तीला वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेलं जनावर आणि जारकर्म, एवढं टाळलं की पुरे. निकियाच्या 325च्या परिषदेचं नाव मोठं आहे, पण माझ्या मते याहून मोठा निर्णय मंडळीने कधी घेतला नाही. आत कोण येऊ शकतो हे इथे ठरलं. त्याची किंमतही मोजावी लागली. पुढच्या शतकांत बिगरयहुदी इतके वाढले, की यहुदी रीत पाळणारे ख्रिस्तीच मंडळीला परके वाटू लागले. हा अन्याय होता, आणि तो दारातून आत आलेल्यांनीच केला.

महाराष्ट्रात तोच प्रश्न दुसऱ्या रूपात उभा राहिला : ख्रिस्ती व्हायचं तर आधी साहेब व्हायचं का? कवी नारायण वामन टिळकांनी 1895मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि अभंग-भजनांतून याचं उत्तर दिलं. मराठी मंडळ्या आजही त्यांची पदं गातात. 1917मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा 'देवाचा दरबार' मांडायला निघाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची वाट याहून खडतर. नवरा ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी सोवळं सांभाळलं, मग त्या सोवळ्याशीच झुंज घेतली आणि मगच 1900मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्या वर्षांची हकीकत त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मकथनात आहे.

पण टिळक दांपत्य उच्चवर्णीय होतं, लिहिणारं होतं. मंडळीत संख्या होती ती महार-मांग कुटुंबांची. वऱ्हाडात 1899-1900च्या दुष्काळात पोरकी झालेली मुलं मिशनच्या अनाथाश्रमांत वाढली आणि त्यांतल्या अनेकांची घरं पुढे इथल्या मंडळ्यांचा आधार झाली. 'पोटासाठी बाटले' हा शिक्का त्यांच्यावर सहज मारला जातो. भुकेने आलेल्याची श्रद्धा खोटी, हे मला मान्य नाही. करिंथच्या मंडळीतही हातावर पोट असलेले होते. पैसेवाले आधी येऊन जेवून घेत, मागून येणारे उपाशी राहत, म्हणून पौलाने त्यांना खडसावलं. भाकरीवरून झालेल्या त्या भांडणातूनच प्रभुभोजनाबद्दलची सर्वांत जुनी लिखित शिकवण आपल्याला मिळाली.

वऱ्हाडातल्या मंडळ्यांचा इतिहास लिहायचा तर तो मिशनऱ्यांच्या आगमनापासून नव्हे, या मुलांपासून लिहायला हवा. त्यांच्या शेजारी कोण जेवायला बसलं, त्यांना मुली कोणी दिल्या, मंडळीच्या कारभारात त्यांचा शब्द कधी चालू लागला, हे त्यात आलं पाहिजे.