एकांत आणि भिक्षा

घर सोडून रानात जाणारा प्रत्येक तरुण विरक्त असतो काय, हा प्रश्न आचारप्रकरणाचे निरूपण करताना वारंवार उपस्थित होतो. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी साधकास परिचित देश त्यागून, जेथे आपले कोणी नाही अशा ठिकाणी, वृक्षाखाली आयुष्य घालविण्याची आज्ञा केली आहे. या आज्ञेचे बाह्य रूप पाहणारास असे वाटते की, एकटेपणा हाच तिचा गाभा असून जितके रान निबिड तितके वैराग्य अधिक. या समजुतीची परीक्षा करण्यास अमेरिकेतील एका तरुणाचे चरित्र उपयोगी पडण्यासारखे आहे. तो आपल्या परंपरेतील नव्हता आणि त्याला ती ठाऊक असण्याचेही कारण नव्हते. तथापि त्याने जे केले ते मनापासून केले, म्हणून त्याचा विचार आदरानेच करावयास हवा.

ख्रिस्तोफर मॅककँडलेस हा १९६८ साली सुस्थितीतील कुटुंबात जन्मला. मे १९९० मध्ये अटलांटा येथील एमरी विद्यापीठाची पदवी घेतल्यावर आपल्या नावे शिल्लक असलेले सुमारे २४,००० डॉलर त्याने भूकनिवारणाचे कार्य करणाऱ्या ऑक्सफॅम या संस्थेस देऊन टाकले. पुढे मोटार ॲरिझोनाच्या वाळवंटात सोडली, खिशातील नोटा जाळल्या, स्वतःस नवे नाव घेतले आणि घराशी पत्रव्यवहार कायमचा तोडला. या दोन कृती चरित्रकार एकाच दमात सांगतात, पण त्यांत मोठे अंतर आहे. दिलेल्या द्रव्याने कोणाचे तरी पोट भरले असेल. जाळलेल्या नोटांनी त्यागाचे दर्शन त्यागी पुरुषालाच तेवढे घडविले.

सुमारे दोन वर्षे तो पश्चिम अमेरिकेत भटकला. २८ एप्रिल १९९२ रोजी अलास्कातील हीली गावाच्या पश्चिमेकडील स्टँपीड नावाच्या ओसाड वाटेने तो एकटाच रानात शिरला. बरोबर सुमारे साडेचार किलो तांदूळ, एक हलकी बंदूक आणि काही पुस्तके होती. उपयोगी पडेल असा नकाशा नव्हता. वाटेत एक जुनी, टाकून दिलेली बस आढळली, तिच्यात त्याने बिऱ्हाड केले. जुलैच्या आरंभी तो परत यावयास निघाला, परंतु एप्रिलमध्ये सहज ओलांडलेली टेक्लानिका नदी हिमनद्यांच्या वितळलेल्या पाण्याने फुगली होती. तो बसकडे परतला. ऑगस्टमध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तेथेच त्याचा अंत झाला. मृत्यूचे कारण उपासमार असे नोंदले गेले. त्याने खाल्लेल्या रानबिया विषारी होत्या काय, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. जॉन क्राकाउर यांनी १९९६ साली लिहिलेल्या पुस्तकाने आणि २००७ सालच्या चित्रपटाने त्याचे नाव जगभर झाले.

येथे पूर्वपक्ष असा की, आईबापांना दुःखात लोटणाऱ्या अविचारी मुलाचे गुणगान कशाला? परंतु हा आक्षेप या पंथाच्या अनुयायाला तरी सहजासहजी घेता येणार नाही. भडोचच्या प्रधानाच्या घरून हरिपाळदेव निघाले ते रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून, आणि पुन्हा त्या घरी राहावयास गेले नाहीत. पुढे साळबर्डीच्या डोंगरात बारा वर्षे राहिल्याचे परंपरा सांगते. आप्तांचे अश्रू हाच जर निर्णायक निकष मानला, तर अनुसरणाचे द्वारच बंद होईल. शिवाय त्या तरुणाच्या बहिणीने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात घरातील कलहाचे आणि मारहाणीचे वर्णन केले आहे. दुःखातून निघालेले वैराग्य खोटेच असते असे नाही. पुष्कळांस प्रथम दुःखच उंबरठ्याबाहेर काढते.

मात्र येथेच एक सावधगिरी पाळावयास हवी. साळबर्डीचा एकांत ही परमेश्वराची लीला आहे. लीलेचे स्मरण करावयाचे असते, तिचे अनुकरण नव्हे. जीवाने आचरावयाचे ते असन्निधानातील साधकासाठी सांगितलेला विधी. तरुण मन नेमके उलट करते. त्याला डोंगर, गुहा, बारा वर्षे हे सारे मोहविते, आणि झोळी मात्र नकोशी वाटते.

आता मूळ मुद्द्याकडे वळावे. लोकभाषेत प्रपंच म्हणजे बायकामुले, घरदार, देणेघेणे. शास्त्रात हा शब्द फार व्यापक आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांपैकी प्रपंच म्हणजे हे सगळे जड विश्व. त्यात बाजारपेठ जशी येते तसे अरण्यही येते. मॅककँडलेस लोकभाषेतील प्रपंच टाकून शास्त्रभाषेतील प्रपंचात अधिक खोल शिरला. बर्फ, नदी, बेरी आणि मांस यांपलीकडे तेथे काही नव्हते, आणि दिवसाचा बहुतेक वेळ पोटाच्या चिंतेत जात होता. ज्या चिंतेतून सुटण्यासाठी भिक्षेचा विधी आहे, तीच चिंता त्याच्या एकांताचा मुख्य व्यवसाय होऊन बसली.

विजन आणि भिक्षा यांची जोडी का घालून दिली आहे, हे अशा उदाहरणावरून चांगले उमगते. साधकाने निर्जन स्थळी बसून स्मरण करावे आणि वेळ झाली की उठून गावात जावे. घर निवडू नये, अन्न निवडू नये; जो जे घालील ते घेऊन गावाबाहेर यावे. हा केवळ उदरभरणाचा उपाय असता तर रानातील कंदमुळेही चालली असती. दररोज कोणाच्या तरी दारात उभे राहण्याने साधकाच्या ठायी असलेला 'मी स्वतंत्र आहे' हा अभिमान झिजतो. कोणी घालते, कोणी घालीत नाही, कोणी चार शब्द सुनावते. आपण दुसऱ्याच्या आधाराने जगतो ही गोष्ट त्याला एक दिवसही विसरता येत नाही. एकांतात वाढणाऱ्या अहंकारावर हे औषध विजनाबरोबरच योजलेले आहे, आणि ज्याला पहिले हवे त्याने दुसरेही घेतले पाहिजे.

त्या तरुणाला घेता येत नव्हते असे नाही, पण किती घ्यावे हे त्याने स्वतःच ठरविले होते. वाटेच्या तोंडाशी त्याला सोडणाऱ्या गृहस्थाने सामग्री घेऊन देण्याची तयारी दाखविली, ती त्याने नाकारली. आग्रहाने दिलेले रबरी बूट आणि शिदोरी तेवढी घेतली. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात भेटलेल्या ऐंशी वर्षांच्या एका एकाकी वृद्धाने त्याला नातू म्हणून दत्तक घेण्याची इच्छा दर्शविली, तेव्हा अलास्काहून परतल्यावर बोलू असे उत्तर मिळाले. भिक्षुकाने झोळी पुढे केली नाही तर उपाशी राहतो तो एकटा भिक्षुकच असे नव्हे. वाढणाराचाही हात तसाच राहतो. आणि त्याचे स्वावलंबन तरी कितपत खरे होते? तांदूळ कोण्या शेतकऱ्याने पिकविले होते. जिच्यात तो निजला ती बस १९६० च्या सुमारास रस्त्याच्या कामावरील मजुरांच्या निवाऱ्यासाठी तेथे नेलेली होती. नदीच्या खालच्या अंगास थोड्याच अंतरावर पाणी मोजणाऱ्यांनी बांधलेला तारेचा पाळणा होता, त्यातून पलीकडे जाता आले असते. नकाशा नसल्याने तो त्याला कळला नाही. नकाशा म्हणजे तरी काय, आधी त्या वाटेने गेलेल्यांनी मागून येणाराच्या झोळीत घातलेली भिक्षाच.

हिंसेचा प्रश्न याहून कठीण आहे. अलास्काच्या रानात मांसावाचून महिनोगणती राहणे बहुधा अशक्यच, तेव्हा केवळ शिकारीचा दोष देऊन मोकळे होणे सोपे असले तरी न्यायाचे नाही. ९ जून रोजी त्याने मूस जातीचे एक प्रचंड हरिण मारले. धूर देऊन मांस टिकविण्याची त्याची खटपट फसली, मांस नासले, आणि त्या प्राण्याला मारावयास नको होते अशी खंत त्याने आपल्या टिपणात नोंदविली. हा पश्चात्ताप त्याच्या शुद्ध अंतःकरणाचा पुरावा आहे. पण वनातच घडलेली सशाची लीला वाचणाराला येथे थांबावेसे वाटेल. कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या गुडघ्याखाली शिरला आणि पारध्यांना बोध होऊन त्याला अभय मिळाले. रान दोन्हीकडे रानच. जो पोटापाण्याची सोय गावातून भिक्षेने करून वनात बसतो, त्याच्यापाशी श्वापदाला आश्रय मिळू शकतो. जो वनालाच अन्न मागतो, त्याच्यापासून श्वापदाला पळावेच लागते.

अखेरच्या दिवसांत, एका कादंबरीच्या समासात, सुख दुसऱ्याबरोबर वाटून घेतले तरच ते खरे ठरते अशा आशयाची नोंद त्याने केली होती. पुष्कळ लेखक या वाक्यावर थांबतात आणि त्याला समाजाचे महत्त्व पटले असा निष्कर्ष काढतात. हे थोडे घाईचे वाटते. समाजात परतणे एवढेच त्याचे साध्य असते, तर नदी उतरून तो परत आल्यावर त्याचा प्रश्न सुटला असता काय? ज्या असत्याला आणि ढोंगाला तो विटला होता ते तर गावात जसेच्या तसे होते. गाव आणि रान यांपैकी एकाची निवड करावयाची आहे असे त्याला वाटत राहिले. गावात राहावयाचे नाही, पण गावाच्या दारी रोज जावयाचे, हा तिसरा मार्ग त्याला कोणी सांगितला नव्हता.

त्याच्यामागून कित्येक तरुण त्या बसच्या दर्शनाला जाऊ लागले. टेक्लानिका ओलांडताना २०१० आणि २०१९ साली एकेक तरुणी बुडाली, कित्येकांची सुटका करावी लागली, आणि शेवटी जून २०२० मध्ये ती बस हेलिकॉप्टरने उचलून आणण्यात आली. गुरूवाचून चाललेले अनुकरण कोठवर जाते हे यात दिसते. मात्र त्या मुलांना हसणाऱ्या वडीलधाऱ्यांनी त्यांच्या तहानेला दुसरे पाणी कोणते दाखविले, हेही विचारले पाहिजे. आजही आश्रमाच्या दारी असा एखादा तरुण येतो आणि प्रथमच डोंगरातील जागा विचारतो. त्याला झोळी देऊन आधी गावात पाठवावे. तेथून तो कसा परततो यावरून पुष्कळ कळते.

६ सप्टेंबर १९९२ रोजी शिकारी त्या बसपाशी पोहोचले तेव्हा दारावर एक चिठ्ठी लावलेली होती. आपण जखमी आणि अतिशय अशक्त आहोत, जवळच बेरी वेचावयास गेलो आहोत, सायंकाळी परत येऊ, कृपा करून थांबावे, अशी तिच्यात अनोळखी वाटसरूंना विनवणी होती. खाली सही होती ती दोन वर्षे मिरविलेल्या नव्या नावाची नव्हती. आईबापांनी ठेवलेल्या नावाची होती.