आधी हरणं, मग शरण

अमरावतीतल्या एका प्रार्थनासभेत पुढच्या रांगेतली बाई मांडीवर पुरुषाचा शर्ट घेऊन बसली होती. नीट घडी घातलेला, इस्त्रीचा. शर्टाचा मालक कुठे आहे, असं विचारलं तर म्हणाली, "ते कायले येतात जी! म्हून त्याईचा शर्ट आनला." सभेच्या शेवटी शर्टांवर, फोटोंवर, एका चपलेच्या जोडावरसुद्धा हात ठेवले गेले आणि त्या सगळ्या गैरहजर नवऱ्यांचं ख्रिस्तचरणी समर्पण झाल्याचं जाहीर झालं. अकोल्याला परतताना मूर्तिजापूरच्या अलीकडे एका भिंतीवर रंगवलेली नेहमीची जाहिरात दिसली : पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा. दोन्ही माल मला एकाच दुकानातले वाटले.

ख्रिस्ताकडे वळून दारू सुटलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या अनुभवाला हसायचा मला हक्क नाही आणि हसूही येत नाही. पण समर्पण ही गोष्ट भाजीत पूड कालवावी तशी दुसऱ्याच्या नावाने कालवता येते, हे त्या अनुभवात कुठेच नव्हतं.

दारूशी झगडण्याची गोष्ट वऱ्हाडाला काय सांगायची! शेंडगावच्या डेबूजीचे वडील दारूपायी गेले आणि त्याच डेबूजीने, पुढे गाडगेबाबा होऊन, आयुष्यभर कीर्तनातून तिच्यावर झाडू चालवला. मोझरीहून तुकडोजी महाराजांनी तेच केलं. ख्रिस्ती बाजूने अकोल्यात अलायन्स मिशनने ठाण मांडलं, तर वऱ्हाडाबाहेर पंडिता रमाबाई अमेरिकेतल्या स्त्रियांच्या मद्यविरोधी चळवळीशी जोडल्या गेल्या. वाटा वेगळ्या, पण बहुतेकांचा भरवसा एकाच गोष्टीवर : निर्धार. शपथ घ्या, गळ्यात माळ घाला, सुटेल. अनेकांची सुटलीही. आणि माळ खुंटीला अडकवून गुत्त्यावर जाणारेही प्रत्येक गावात होते.

निर्धाराऐवजी शरण जाण्याची भाषा भक्तीत जुनीच. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं नारायण वामन टिळक सांगत. त्यामुळे मराठी ख्रिस्ती माणसाला ती परकी वाटायचं कारण नव्हतं. पण दारू सोडण्याची पद्धत म्हणून ती घडली अमेरिकेत, १९३४ ते १९३९ या पाच वर्षांत. तीच पाच वर्षं सर्रास उलटी वाचली जातात.

गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ असते. फ्रँक बुकमनच्या ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या ख्रिस्ती चळवळीत जाऊन दारू सोडलेला एबी थॅचर आपला जुना पिणारा दोस्त बिल विल्सन याला भेटतो. डिसेंबर १९३४ मध्ये रुग्णालयातल्या खाटेवर बिल देवाला हाक मारतो, खोली प्रकाशाने भरते, दारू सुटते.  प्रार्थनासभांच्या व्यासपीठावरून गोष्ट इथेच संपते.

खरी ती इथे सुरू होते. प्रकाश पाहिलेला बिल पुढचे पाच-सहा महिने बेवड्यांना गाठून तो प्रकाश सांगत सुटला. एकाचीही दारू सुटली नाही. अखेर त्याच रुग्णालयातल्या डॉ. सिल्कवर्थ यांनी त्याला बजावलं, प्रवचन पुरे. आधी या आजारापुढे माणूस कसा हतबल होतो ते सांग. मे १९३५ मध्ये ॲक्रन गावी धंद्यातला एक व्यवहार बुडाला, हॉटेलच्या बारमधले आवाज कानावर येत होते, आणि आपण आता पिणार हे ओळखून बिलने दुसरा पिणारा शोधला. तो सापडला, डॉ. बॉब स्मिथ. हा गृहस्थ सुमारे अडीच वर्षं ऑक्सफर्ड ग्रुपच्या बैठकांना जात होता, बायबल वाचत होता, प्रार्थना करत होता. आणि रोज पीत होता.

श्रद्धा होती, देव होता, बैठक होती. मग कमी काय होतं? बिल त्याला वाचवायला आला नव्हता, स्वतः वाचायला आला होता. समोरचा माणूस वरून बोलत नाही, आपल्याच चिखलातून बोलतो आहे, हे बॉबला पहिल्यांदाच अनुभवाला आलं. मध्ये एकदा तो घसरला, पण १० जून १९३५ नंतर त्याने दारूला हात लावला नाही.

बिल आणि बॉब यांच्या भेटीतून उभ्या राहिलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (एए) या संघटनेच्या १९३९ च्या पुस्तकात ‘देव’ या शब्दाला ‘आम्हाला जसा उमगला तसा’ अशी पुस्ती जोडली गेली. श्रद्धाळू म्हणतात, ख्रिस्त पातळ केला. बुद्धिवादी म्हणतात, धर्मातून सुटका केली. दोघांची नजर एएच्या बारा पायऱ्यांपैकी तिसऱ्या, समर्पणाच्या पायरीवर. मी पहिल्या पायरीपाशी थांबतो. तिच्यात देव नाहीच. दारूपुढे आम्ही हतबल झालो, आयुष्य हाताबाहेर गेलं, एवढी कबुली आहे, आणि ती ज्याची त्यानेच द्यायची आहे. ऑक्सफर्ड ग्रुपला नितळ प्रामाणिकपणा, नितळ शुद्धता हवी होती. बेवड्याला ती झेपेना, म्हणून जन्माच्या समर्पणाचं आजच्या दिवसाचं समर्पण झालं. खरा पालट हा.

वरवर मान तुकवणं आणि आतून हार मानणं, हा भेद आपल्या भाषेत आधीपासून आहे. शरणागती पत्करतो तो सैनिक. मनात तो पुढच्या लढाईची वाट पाहत असतो. शरण जातो तो भक्त. मनोविकारतज्ज्ञ डॉ. हॅरी टिबाउट यांनी १९४९ च्या आसपास नेमकं हेच मांडलं : डॉक्टरपुढे, बायकोपुढे मान हलवणारा रुग्ण वेगळा आणि आतून हार मानलेला वेगळा. पहिला सुटी मिळताच पितो.

भारतात एए १९५७ मध्ये मुंबईत आली. १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात ‘कृपा’ ही व्यसनमुक्ती संस्था सुरू केली. पाद्री असून बारा पायऱ्यांना अय्यंगारांच्या योगाची जोड दिली. १९८६ मध्ये पुण्यात अवचट दांपत्याने ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. एकीकडे क्रूस, दुसरीकडे नाही. पण दोन्हीकडे बोलायचं त्या माणसालाच; त्याच्या शर्टाला तिथे कोणी काही विचारत नाही.

आणि शर्ट घेऊन आलेल्या बाईचं काय? तिला रिकाम्या हाताने परत पाठवा, असं मी म्हणत नाही. बिलची बायको लोइस हिने १९५१ मध्ये पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-ॲनन उभी केली, मुक्तांगणमध्ये बायकांसाठी ‘सहचरी’ आहे. याची दारू माझ्या उपासतापासाने, भांडणाने, नवसाने सुटणार नाही, हे कबूल करणं ही तिची हार आणि तिचं शरण जाणं. ते तिचं तिला करता येतं, तो नसतानाही. त्या सभेत तिला हे कोणी सांगितलं नाही. उलट महिन्याभराने तो पुन्हा प्यायला तेव्हा घरात श्रद्धा कमी पडली, असा निरोप आला.

त्या हिशेबाने एबी थॅचरची श्रद्धा तर फारच कमी पडली म्हणायची. ज्याने बिलपर्यंत निरोप आणला तोच पुन्हा पिऊ लागला, सुटला, पुन्हा प्यायला, वर्षानुवर्षं. १९६६ मध्ये तो वारला. बिल त्याला कायम आपला स्पॉन्सर, म्हणजे वाटाड्या, म्हणत राहिला.