कर्मभोग आणि आधाराचा हात

ब्रह्मविद्येत जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ सांगितले आहेत. त्यांपैकी देवता नित्यबद्ध, परमेश्वर नित्यमुक्त आणि जीव बद्धमुक्त होय. जीव आज बंधात आहे, तरी तो सुटण्यास योग्य आहे. आणि सुटण्यास योग्य असूनही तो केवळ स्वतःच्या बळावर सुटत नाही. ही दोन्ही विधाने एकाच जीवाविषयी एकाच वेळी खरी आहेत. त्यांतील एकच धरून दुसरे सोडले की विचार कसा भरकटतो, हे मोक्षाच्या प्रश्नात दिसते तसेच व्यवहारातील एका साध्या प्रश्नातही दिसते. तो प्रश्न असा : एखाद्यावर देह मोडून टाकणारा आघात झाला, तो अंथरुणाला खिळला, तर त्याच्या बरे होण्यात इतरांचा वाटा कोणता, आणि तो घेणे व देणे धर्म्य आहे काय?

या प्रश्नावर दोन पूर्वपक्ष ऐकू येतात. पहिला म्हणतो, "दुःख हे ज्याच्या त्याच्या कर्माचे फळ. ते भोगूनच सरावयाचे. दुसऱ्याने त्यात हात घालून काय साधणार?" दुसरा म्हणतो, "आपला उद्धार आपणच करावा, असे भगवान श्रीकृष्णचक्रवर्तींनी गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. मग दुसऱ्याच्या आधाराने उभा राहणारा दुबळाच राहणार." दोन्ही पक्ष शास्त्राचा आधार घेऊन बोलतात, म्हणून दोहोंचा विचार शांतपणे केला पाहिजे.

पहिल्या पक्षाचा विचार करू जाता एक गोष्ट तत्काळ ध्यानात येते. कर्माला फळ आहे, हा सिद्धान्त निर्विवाद आहे. परंतु अमुक जीवाचे अमुक दुःख कोणत्या कर्माचे फळ आहे आणि ते किती काळ चालावयाचे आहे, हे जाणणारा परमेश्वरच होय. जीव तर अज्ञानाने वेढलेला. त्याला कालच्या स्वतःच्या कृत्याचा हिशेब नीट लागत नाही. तो दुसऱ्याच्या जन्मान्तरीचा हिशेब कोठून मांडणार? म्हणून रोग्याच्या उशाशी उभे राहून "याचे भोग आहेत, हे असेच राहणार" असे जो म्हणतो, तो नकळत सर्वज्ञाच्या आसनावर बसू पाहतो. कर्माचा विचार जीवाने स्वतःच्या दुःखाच्या वेळी करावा. तेथे तो चित्ताला स्थैर्य देतो, दुसऱ्याला दोष देण्यापासून परावृत्त करतो. दुसऱ्याच्या दुःखासमोर तोच विचार पुढे करणे म्हणजे औषधाची मात्रा एकाला लागू पडते म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात ओतणे होय. शिवाय पाहणाराचे कर्म तेथे संपलेले नसते. पडलेल्याचा भोग हे पडलेल्याचे कर्म असेल. पण त्याच्याकडे पाठ फिरवणे हे पाठ फिरविणाराचे कर्म आहे, आणि त्यालाही फळ आहेच.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या लीळांतील सशाची लीळा सर्व अनुयायांच्या परिचयाची आहे. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा जीव मुठीत धरून स्वामींच्या मांडीखाली शिरला, आणि स्वामींनी तो पारध्यांच्या हाती दिला नाही. त्या सशाची कर्मे स्वामींना ठाऊक नव्हती, असे कोण म्हणेल? ती ठाऊक असणाराने त्याला आसरा दिला. मग ज्याला काहीच ठाऊक नाही त्याने कर्माचे निमित्त करून आसरा नाकारावा, हे कोणत्या न्यायाने?

प्रारब्ध म्हणून ज्याला नाव दिले जाते त्यातील किती भाग वास्तविक इतरांच्या दुर्लक्षाचा असतो, याचे एक उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात आहे. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू तुटला की आघाताच्या खालचे शरीर लुळे पडते आणि तेथील संवेदनाही नाहीशी होते. निरोगी मनुष्य झोपेतही नकळत कूस बदलीत असतो. या रोग्याला कूस बदलता येत नाही, आणि बदलावी अशी जाणीवही होत नाही. हाड व अंथरूण यांच्यामध्ये दाबली गेलेली त्वचा रक्ताविना मरू लागते, जखमा हाडापर्यंत जातात, मूत्रमार्गात दोष उत्पन्न होऊन तो मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात असे बहुतेक जखमी थोड्याच अवधीत मरत. वैद्यही त्यांच्याविषयी आशा सोडून बसलेले असत, आणि आशा सोडल्यामुळे शुश्रूषाही सुटलेली असे.

जर्मनीतून 1939 साली परागंदा व्हावे लागलेले लुडविग गुटमन नावाचे मज्जाविकारतज्ज्ञ इंग्लंडमध्ये आले. 1944 च्या फेब्रुवारीत स्टोक मँडेविल येथील रुग्णालयात अशा जखमींसाठी उघडलेला विभाग त्यांच्याकडे सोपविण्यात आला. तुटलेला मज्जारज्जू सांधण्याची विद्या त्यांच्याजवळ नव्हती. ती कोणाजवळच नव्हती. त्यांनी केले ते एवढेच की प्रत्येक रोग्याची कूस दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, माणसांच्या हातांनी बदलली जावी असा कडक नियम घातला. मूत्रमार्गाची स्वच्छता काटेकोर ठेवली. आणि रात्री अवेळी स्वतः फेरी मारून नियम पाळला जातो की नाही हे पाहिले. रोगी जगू लागले. ज्याला अटळ मृत्यू समजले जात होते, त्यातील मोठा भाग कूस न बदलल्याचा होता. "याचे भोग आहेत" असे म्हणून जे हात स्वस्थ बसले होते, ते हातच त्या भोगाचा एक भाग होते.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळावे. आपला उद्धार आपणच करावा, हे वचन शिरोधार्य आहे. परंतु ते कोणी कोणाला केव्हा सांगितले, हेही पाहिले पाहिजे. गात्रे गळून गेलेल्या, धनुष्य हातातून निसटलेल्या अर्जुनाला ते सांगितले गेले. आणि सांगणारे दूर उभे राहून सांगत नव्हते, त्याच्याच रथावर घोड्यांचे लगाम धरून बसले होते. भगवंतांनी अर्जुनाचे बाण सोडले नाहीत. ते बाण अर्जुनालाच सोडावे लागले. पण रथ जेथे न्यावयाचा तेथे नेला, आणि जयद्रथवधाच्या दिवशी तर भर रणांगणात घोडे सोडून त्यांच्या अंगांत रुतलेले बाण स्वतःच्या हातांनी काढले, त्यांना पाणी पाजले आणि मगच पुन्हा जुंपले. आत्मोद्धाराचा उपदेश करणारा आणि जखमी घोड्यांची सेवा करणारा एकच आहे. तेव्हा या दोहोंत विरोध कल्पिणे हा वाचणाराचा दोष होय.

दुसऱ्याचे साह्य आणि स्वतःचा प्रयत्न यांची ही मर्यादा महाराष्ट्रातीलच एका जवानाच्या चरित्रात स्पष्ट दिसते. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यात मुष्टियोद्धा म्हणून नावारूपास आलेले होते. 1965 च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार घेत असता त्यांना व्यायामोपचार म्हणून पाण्यात उतरविण्यात आले. पाय साथ देत नव्हते. भुजा देत होत्या. परदेशातील स्पर्धेसाठी प्रवासखर्चाची तजवीज झाली ती प्रसिद्ध क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेच्या साह्याने. 1972 साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे भरलेल्या अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत पेटकरांनी पन्नास मीटर पोहण्याचे अंतर 37.33 सेकंदांत कापून सुवर्णपदक मिळविले. ही स्पर्धाही मूळ त्याच स्टोक मँडेविलच्या अंगणातली. 29 जुलै 1948 रोजी तेथे सोळा अपंग माजी सैनिकांचा, त्यांत स्त्रियाही होत्या, धनुर्विद्येचा सामना भरला, तेव्हापासून ती वाढत आली. भारत सरकारने पेटकरांना 2018 साली पद्मश्री दिली.

येथे विवेक करून पाहावे. पेटकरांच्या ऐवजी दुसरे कोणी पोहले काय? नाही. ते सदतीस सेकंद सर्वस्वी त्यांचे आहेत. पण त्यांना पाण्यापर्यंत नेणारे हात, पाण्यात उतरा म्हणणारा शब्द आणि प्रवासाचे तिकीट हे इतरांचे आहे. एक वजा केले तर दुसरे उरत नाही. आणि आणखी एक गोष्ट : त्यांचे पाय परत आले नाहीत. बरे होणे म्हणजे गेलेले सर्व परत मिळणे, अशी समजूत असेल तर ते बरे झालेच नाहीत असे म्हणावे लागेल. म्हणून बरे होण्याचा अर्थच नीट ठरविला पाहिजे. मनुष्यदेह ही कर्मभूमी आहे. येथे जीव केवळ मागील फळांचा भोक्ता नसून नव्या क्रियेचा कर्ताही आहे. आघात मनुष्याला केवळ भोक्ता करून टाकतो. त्याला पुन्हा कर्तेपणाच्या ठिकाणी आणून बसविणे, मग तो चाकाच्या खुर्चीवर का बसलेला असेना, हेच बरे करणे होय. असे कर्तेपण परत देणारा आधार दुबळे करीत नाही. दुबळे करतो तो आधार, जो रोग्याला जे करता येते तेही त्याच्या हातून काढून घेतो आणि त्याच्या परावलंबनात स्वतःचे मोठेपण पाहतो.

या ठिकाणी धीर देण्याचाही विचार प्राप्त होतो, कारण धीराच्या नावाखाली पुष्कळदा निष्ठुरता चालते. "मनावर घेशील तर उद्या चालू लागशील" असे जखमी माणसाला सांगितले जाते. सांगणाराचा हेतू चांगला असतो. पण तो चालू लागला नाही म्हणजे त्याच्या मोडलेल्या देहावर मन कच्चे असल्याचा ठपका येऊन बसतो. अशा रीतीने पूर्वजन्मीच्या दोषाचे ओझे उतरवून या जन्मीच्या दोषाचे ओझे चढविले जाते, एवढेच. खरा धीर असत्याचा आश्रय करीत नाही. पाय येणार नसतील तर येणार आहेत असे तो म्हणत नाही. "हात आहेत, आणि हातांनी काय होईल ते आपण पाहू" असे म्हणतो. त्या वाक्यातील 'आपण' या शब्दातच सर्व धीर साठविलेला आहे. जो शब्द देतो पण मध्यरात्री कूस बदलावयास उठत नाही, त्याचा शब्द रोग्याला ओझेच होतो; आणि जो मुकाट्याने उठतो, त्याला फारसे बोलावे लागत नाही.

घेणाराचाही एक धर्म आहे, व तो देणाराच्या धर्माहून कठीण आहे. जो काल दहा जणांना पोसत होता त्याला आज पाण्याचा पेला दुसऱ्याच्या हातून घ्यावा लागतो. त्या वेळी त्याचा अभिमान दुखावतो आणि तो आधार झिडकारतो, किंवा उलट हक्काने मागू लागतो. या दोन टोकांमधील वाट कोणती, हे मार्गातील भिक्षाधर्म शिकवितो. भिक्षुक दारी उभा राहतो. मिळेल ते घेतो, न मिळाल्यास रागावत नाही. घेताना लाजत नाही आणि घेतल्याचा गर्वही करीत नाही. देह चालतो तो दुसऱ्याच्या दिलेल्यावर, हे सत्य तो रोज झोळीत घेऊन हिंडतो. निरोगी मनुष्याला हे सत्य विसरता येते, इतकाच निरोग्याचा आणि रोग्याचा भेद. वास्तविक प्रत्येक जण बालपणी दुसऱ्याच्या हातांनी वाढला आणि वार्धक्यात दुसऱ्याच्या हातांवर टेकणार आहे. अपंगत्व ते केवळ अकाली उघड करते. म्हणून जखमी मनुष्याने साह्य भिक्षेसारखे घ्यावे. त्यात हीनता नाही.

कोणी साधक शंका घेईल की, निःसंग आणि निवृत्त होऊ पाहणाराने रोग्याच्या सेवेत गुंतणे हा संगच नव्हे काय? याचे समाधान असे. संग उत्पन्न होतो तो 'माझे' या भावनेने आणि मोबदल्याच्या इच्छेने. हा बरा होईल, माझे नाव घेईल, माझ्या कष्टाचे चीज होईल, असे मनात आले की सेवा संगात उतरली. पण अहिंसा जर सर्व आचाराचे मूळ असेल, तर डोळ्यांसमोर कुजत चाललेला देह पाहून स्वस्थ राहणे ही अहिंसा म्हणता येणार नाही; शस्त्र न उचलता घडलेली ती हिंसाच होय. उलट, जो रोगी कधीच पोहणार नाही, कधीच पदक आणणार नाही, कदाचित आभाराचा शब्दही उच्चारू शकणार नाही, त्याची कूस दोन तासांनी बदलताना निःसंगाची जी परीक्षा होते ती एकान्तातही होणे कठीण. तेथे फळ दिसत नाही. क्रियाच तेवढी उरते.

तात्पर्य हे की, जीव आपल्याच पावलांनी चालतो आणि तरीही दुसऱ्याने हात दिल्यावाचून उठत नाही. मोक्षमार्गात तो हात परमेश्वराच्या कृपेचा असतो, व तो जीवाची योग्यता पाहून मिळतो. व्यवहारात तो हात शेजाऱ्याचा, सुनेचा, मुलाचा, गुरुबंधूचा असतो. आणि तेथे योग्यता पाहण्याचा अधिकार कोणालाही दिलेला नाही. ज्याच्या घरी वा आश्रमात आज कोणी असा खिळून पडला असेल, त्याने कर्माच्या गहन गतीचा विचार दिवस उजाडल्यावर अवश्य करावा. रात्री दोन वाजता मात्र उठून त्याची कूस बदलावी.