शून्य कार्य

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतून वीस किलोचे पोते डोक्यावर घेऊन एखादी बाई सपाट वाटेने मैलभर चालत गेली, तर पदार्थविज्ञानाच्या हिशेबाने तिने त्या पोत्यावर केलेले कार्य जवळजवळ शून्य भरते. पोते उचलून डोक्यावर घेतले, तेवढेच काय ते कार्य. दीड मीटर उंची धरली तर सुमारे २९४ ज्यूल. पुढे तिचे बल वरच्या दिशेला आणि पोत्याचे विस्थापन आडव्या दिशेला. दोहोंत काटकोन, आणि काटकोनातल्या बलाचे कार्य शास्त्र मोजीत नाही. घामाने भिजलेल्या त्या बाईस हे कोणी सांगितले, तर ती शास्त्राविषयी जे म्हणेल ते येथे लिहिण्याजोगे नाही.

शास्त्राचा मात्र यात अपराध नाही. ‘कार्य’ या संज्ञेला आजचा नेमका अर्थ फ्रेंच गणिती कोरिओलिस याने १८२९ साली दिला, तो यंत्रांच्या हिशेबासाठी. यंत्राने किती वजन किती उंच चढविले, एवढेच तेथे विचारावयाचे होते. त्या प्रश्नापुरती व्याख्या निर्दोष आहे. दिवसभर रेटूनही भिंत हलली नाही तर कार्य शून्य, हेही तिच्यातूनच निघते. (बेळगाव-निपाणीकडच्या वाचकास या उदाहरणावरून १९५६ पासूनचा सीमाप्रश्न आठवला, तर तो आमचा दोष नव्हे.)

मग बाई दमते कशाने? पोते टेबलावर ठेवले तर टेबल ते वर्षभर धरून राहील आणि त्यास घासभर अन्न लागणार नाही. स्नायूचे तसे नाही. भार पेलताना त्यातील सूक्ष्म तंतू एकमेकांस क्षणोक्षणी पकडीत व सोडीत असतात. प्रत्येक पकडीस ऊर्जा लागते आणि ती अखेर उष्णता होऊन निघून जाते. ज्वारीच्या एका भाकरीतून शरीरास काही लाख ज्यूल मिळतात, त्यांतील फारच थोडे पोत्यापर्यंत पोहोचतात. उरलेली ऊर्जा नाहीशी झालेली नसते. ती पोत्याच्या खात्यावर दिसत नाही, इतकेच.

मजुरी कोणत्या खात्यावरून द्यावी, हा आमचा प्रश्न आहे. निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांची मजुरी दर हजारावर ठरत आली. विड्या मोजून घेताना सदोष म्हणून काही बाजूला काढावयाच्या, हीही जुनी रीत. अशा विड्यांना ‘छाट’ म्हणतात, आणि छाटीची मजुरी मिळत नसे. येथे तर बोटांनी बल लावले, पान वळले, दोरा बसला. कोरिओलिसच्या व्याख्येनेही कार्य घडले. तरी वहीत शून्य! यंत्रासाठी केलेली व्याख्या माणसासाठी केलेल्या व्याख्येहून उदार निघावी, हे आम्हांस चमत्कारिक वाटते.

मालकाचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. सैल विडी गिऱ्हाईक घेत नाही. पण पान त्यानेच दिलेले असते. ते जून वा फाटके निघाले तर तो तोटा बोटांच्या माथी कसा? १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने छाटीविषयीच्या तंट्याची दाद लावण्याची सोय केली, हे खरे. परंतु छाट निघते ती कचेरीत नव्हे. ती निघते दिवेलागणीला, मोजून घेणाऱ्यासमोर, आणि टोपली घेऊन उभ्या असलेल्या बाईचे अर्धे लक्ष घरच्या चुलीकडे असते.