नोरा थांबली असती तर?
इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’ या नाटकातील नोरा १८७९ साली पती व तीन मुले सोडून घराबाहेर पडली. जर्मनीतील एका अभिनेत्रीने हा शेवट नाकारला, तेव्हा इब्सेनने नाइलाजाने दुसरा लिहिला. त्यात मुलांसाठी नोरा थांबते. शॉने १८९३ साली रंगविलेली व्हिव्ही मात्र विवाहाविना, स्वतःच्या श्रमांवर जगते.

नोराला दोष देणे सोपे आहे. परंतु पतीचे प्राण वाचावेत म्हणून तिने खोट्या सहीने कर्ज काढले होते. ते उघड होताच पतीला आठवली ती स्वतःची अब्रू! त्याग हे भूषण खरेच. पण जिला नकाराचा अधिकार नाही, तिच्याकडून घेतलेल्यास त्याग म्हणावे काय? तिला थांबावेसे वाटेल असे आपले घर आहे काय, हे आधी प्रत्येकाने स्वतःस विचारावे.